दाताच्या खुर्चीत बसण्याआधी काय पाहाल, काय विचाराल?

दातांच्या उपचारांबद्दल वाचक जे विचारतात, त्यात एक शंका हमखास असते: "तोंडात घालायची अवजारे खरंच निर्जंतुक आहेत का, हे आम्हाला कळणार कसे?" त्यामागून पुढचे प्रश्न येतात. डॉक्टरांनी हातमोजे घातले म्हणजे पुरे का? उकळलेली अवजारे चालतात का? निळ्या दिव्याच्या कपाटातून काढलेली अवजारे सुरक्षित का? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न म्हणजे हे डॉक्टरांना विचारले तर त्यांना राग येईल का?

या शेवटच्या प्रश्नामुळेच बहुतेकजण गप्प बसतात. भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडून घेणारे आपण दाताच्या खुर्चीत मात्र डोळे मिटून तोंड उघडतो. म्हणून हा लेख रुग्णाने काय पाहावे, काय विचारावे आणि काही चुकले तर काय करावे यापुरताच आहे.

आधी भीतीचे माप ठरवू

संसर्गाच्या भीतीने उपचार टाळू नका. किडलेल्या दाताच्या मुळाशी साठलेला पू जबड्यात आणि गळ्यात पसरून जिवावर बेतू शकतो, आणि ही शक्यता नीट चालवलेल्या दवाखान्यातून आजार घरी येण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. नियम पाळणाऱ्या दवाखान्यात एका रुग्णाचा संसर्ग दुसऱ्याला होण्याचे प्रसंग विरळा.

पण जिथे असे घडले, तिथे कारण बहुधा अगदी साधे निघाले. तमिळनाडूतील वाणियंबाडीचे उदाहरण पाहा. २०२३ च्या सुमारास त्या भागात मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या मेलिऑइडोसिस या जिवाणूसंसर्गाचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले आणि आठ जण दगावले. तपासाचा धागा एका दातांच्या दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीपर्यंत गेला. हिरडी बाजूला सारण्याच्या अवजाराने ती बाटली उघडली जाई, मग सैलसर बंद करून पुढच्या रुग्णासाठी पुन्हा वापरली जाई. तिथे कुठलेही महागडे यंत्र बिघडले नव्हते.

हिपॅटायटिस बी, म्हणजे 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू, वाळलेल्या रक्ताच्या डागातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. डाग डोळ्यांना दिसलाच पाहिजे असेही नाही. त्यामुळे चकचकीत फरशी, एसी आणि भिंतीवरचा टीव्ही यांवरून दवाखान्याची पारख करू नका.

उकळणे, पुसणे, निळा दिवा: यातले काय चालते?

तोंडात जाणारे, हिरडीला किंवा रक्ताला लागणारे प्रत्येक अवजार दोनच प्रकारचे असावे: एकदा वापरून टाकून द्यायचे, नाहीतर ऑटोक्लेव्हमधून काढलेले. ऑटोक्लेव्ह हे दाबाखालच्या वाफेचे यंत्र आहे. १२१ अंश सेल्सिअसला १५ ते ३० मिनिटे किंवा १३४ अंशांना तीन-चार मिनिटे, अशी त्याची साधारण आवर्तने असतात. नेमका वेळ यंत्राच्या प्रकारावर आणि अवजारे गुंडाळलेली आहेत की उघडी यावर ठरतो. तापणे आणि वाळणे धरून एका खेपेला अर्धा-पाऊण तास किंवा थोडा जास्त वेळ जातो. हा वेळ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात:

- पाण्यात उकळणे. पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही आणि जिवाणूंचे कवचबंद बीजाणू त्यातही टिकतात. धनुर्वाताचा जिवाणू याच जातीचा. आजच्या काळात फक्त उकळलेली अवजारे स्वीकारू नका.
- निळा दिवा, म्हणजे यूव्ही कपाट. निर्जंतुक झालेली अवजारे ठेवण्यापुरतेच ते कामाचे. त्यात ठेवल्याने अवजार निर्जंतुक होत नाही, कारण किरण सांध्यात, खाचेत किंवा सावलीत पोहोचत नाहीत.
- रसायनात बुडवणे. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बीजाणूही मरायला सुमारे दहा तास लागतात. दोन रुग्णांच्या मधल्या वीस मिनिटांत ते काम होत नाही. ज्या वस्तू उष्णता सोसत नाहीत त्यांच्यापुरता हा मार्ग ठीक आहे.
- स्पिरिटने पुसणे. खुर्ची, दिव्याची मूठ, टेबल अशा वरवरच्या पृष्ठभागांना योग्य जंतुनाशकाने पुसणे गरजेचे. तोंडात जाणाऱ्या अवजाराला एवढे पुरत नाही.

आणखी एक: ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याआधी अवजार घासून किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात धुऊन स्वच्छ व्हावे लागते. रक्त किंवा सिमेंट चिकटून राहिले तर वाफ खालपर्यंत पोहोचत नाही. ट्रेमधल्या आरशावर, चिमट्यावर वाळलेला कण दिसला, तर ते अवजार 'निर्जंतुक आहे' असे कोणी म्हटले तरी बदलून मागा.

पाऊच तुमच्यासमोर फाडला जातो का?

रुग्णाला सहज दिसणारी सर्वांत भरवशाची खूण हीच. ऑटोक्लेव्हमध्ये टाकताना अवजारे ज्या बंद पाकिटात घालतात तो पाऊच एका बाजूने कागदी आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक असतो. त्यावर एक छोटा बाण, ठिपका किंवा पट्टी असते आणि वाफेतून गेल्यावर तिचा रंग बदलतो. कोणता रंग कशात बदलतो हे कंपनीनुसार वेगळे असते, पण ते पाऊचवरच छापलेले असते. वाचायला दोन सेकंद लागतात. पाऊच हातात घेतलात तर एवढे पाहा: तो कोरडा आहे का, कडेला फाटलेला नाही ना, खूण बदलली आहे का, तारीख लिहिली आहे का. ओला किंवा भोक पडलेला पाऊच निर्जंतुक मानत नाहीत.

खुणेचा रंग बदलला म्हणजे पाऊच उष्णतेतून गेला, एवढेच कळते. आतले जंतू खरोखर मेले का, हे तपासायला जैविक चाचणी असते. उष्णतेला सर्वाधिक दाद न देणारे बीजाणू यंत्रात ठेवून ते मेले का, हे तीत पाहतात. चांगले दवाखाने ती दर आठवड्याला करतात आणि वहीत नोंदवतात. ती वही तुम्ही प्रत्यक्ष पाहिलीच पाहिजे असे नाही. "अशी चाचणी करता का?" एवढे विचारलेत आणि उत्तर सहज आले, की पुष्कळ कळते.

आता तो अर्धा-पाऊण तास आठवा. दात कोरणारा वेगवान एअरोटर (हँडपीस) रुग्णाच्या तोंडातली लाळ आणि रक्ताचे अंश आत ओढून घेऊ शकतो. म्हणून बाहेरून पुसून भागत नाही, प्रत्येक रुग्णानंतर तो ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवा. दहा-दहा मिनिटांच्या अंतराने रुग्ण घेणाऱ्या दवाखान्यात एक-दोनच एअरोटर असतील, तर हे शक्य कसे होईल? "डॉक्टर, हँडपीस किती आहेत?" हा प्रश्न म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. काही ठिकाणी प्लास्टिकचे 'डिस्पोजेबल किट' कौतुकाने दाखवतात. तपासणीपुरते ते उत्तम आहे, पण त्यात आरसा, चिमटा आणि टोकदार प्रोब एवढेच असते. एअरोटर, दात काढायचा चिमटा आणि स्केलिंगचे टोक यांचे काय, हे वेगळे विचारावे लागते.

इंजेक्शनच्या वेळी डोळे उघडे ठेवा

भूल देण्याचे औषध दोन रूपांत येते: एका रुग्णापुरती छोटी काचेची नळी (कार्ट्रिज) आणि अनेक रुग्णांना पुरणारी रबरी बुचाची बाटली. आपल्याकडे ही मोठी बाटली सर्रास वापरतात. ती वापरण्यात गैर काही नाही, मात्र तिच्यात जाणारी प्रत्येक सुई आणि प्रत्येक सिरिंज कोरी असली पाहिजे.

चूक होते ती बहुधा दुसऱ्या डोसाच्या वेळी. दाढ अजून दुखते आहे असे तुम्ही म्हणता, डॉक्टर तुम्हाला टोचलेली तीच सिरिंज पुन्हा बाटलीत खुपसून थोडे औषध ओढतात. तुम्हाला वाटते, सुई माझीच तर आहे. पण तुमचे रक्त आता त्या बाटलीत गेलेले असू शकते, आणि तुमच्या आधीच्या रुग्णाच्या वेळी असेच झाले असेल तर त्याचे रक्त तुमच्यापर्यंत आलेले असू शकते. नुसती सुई बदलून जुनी सिरिंज वापरली तरीही हा धोका राहतो.

म्हणून तीन गोष्टी पाहा:

1. सिरिंजचे वेष्टन तुमच्यासमोर उघडले जावे.
2. पुन्हा औषध लागले तर नवी सुई आणि नवी सिरिंज घेतली जावी.
3. बाटलीच्या बुचात एखादी सुई कायमची खोचून ठेवलेली नसावी. असेल, तर मी तरी त्या बाटलीतले इंजेक्शन घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नये.

टोचण्यापूर्वी सांगायचे वाक्यही साधे आहे: "डॉक्टर, परत भूल द्यावी लागली तर नवीन सिरिंज घ्याल ना?" सिरिंजचे पैसे द्यायची तयारी दाखवा. खर्च काही रुपयांचाच असतो.

हातमोजे, पाणी आणि ती लाळ ओढणारी नळी

हातमोजे प्रत्येक रुग्णाला नवे हवेत, आणि ते घालण्यापूर्वी हात धुतलेले किंवा सॅनिटायझरने चोळलेले हवेत. मोजे घालून झाल्यावर डॉक्टरांनी किंवा सहायक ताईंनी मोबाइल उचलला, खण उघडला, पावती लिहिली आणि तोच हात तोंडाकडे आला, तर मोजे असून नसल्यासारखेच. तसे दिसले तर नि:संकोच म्हणा, "मोजे बदलता का?" वापरलेले मोजे धुऊन पुन्हा घालणे अजिबात चालत नाही. मास्कही हवाच. तुम्हालाही डोळ्यांसाठी चष्मा दिला गेला तर चांगलेच, कारण एअरोटरचा फवारा डोळ्यात उडतो.

दातांच्या खुर्चीचे पाणी हा फारसा बोलला न जाणारा विषय आहे. बारीक नळ्यांच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. इटलीत एका ८२ वर्षांच्या बाईंचा २०११ मध्ये लिजिओनेला न्यूमोनियाने मृत्यू झाला, आणि ते जंतू दवाखान्यातल्या खुर्चीच्या पाण्यापर्यंत जुळले. अमेरिकेत लहान मुलांच्या दुधाच्या दातांवरील उपचारांनंतर अशाच पाण्यातून आलेल्या जंतूंनी जबड्याचे संसर्ग झाले होते. उपाय अवघड नाहीत: नळ्यांचे नियमित शुद्धीकरण, आणि प्रत्येक रुग्णापूर्वी वीस-तीस सेकंद पाणी नुसते वाहू देणे. खुर्चीला वेगळी पाण्याची बाटली आहे की ते थेट टाकीचे पाणी आहे, हे विचारता येईल. अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढायची असेल किंवा इम्प्लांट बसवायचे असेल, तर नळीतले पाणी मुळीच चालत नाही. तिथे निर्जंतुक सलाइनच लागते, तुमच्यासमोर उघडलेले, आणि उरलेले टाकून दिलेले.

लाळ ओढणाऱ्या प्लास्टिकच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटू नका. "तोंड बंद करा, म्हणजे ओढले जाईल" असे काहीजण सांगतात, पण तोंड मिटल्यावर दाब उलटतो आणि नळीतला आधीचा द्रव तुमच्या तोंडात येऊ शकतो. तोंड उघडेच ठेवा. साठले तर हात वर करून थुंकायला वेळ मागा. नळीचे टोक दर रुग्णाला नवे हवे, हे वेगळे सांगायला नको.

पाण्याचा आणि हवेचा फवारा मारणाऱ्या पिचकारीचे टोकही बदललेले किंवा ऑटोक्लेव्ह केलेले असावे. एक्स-रेच्या सेन्सरला नवे प्लास्टिक आवरण हवे. कवळीचे किंवा कॅपचे माप घेतल्यावर ते जंतुनाशक करूनच लॅबकडे जाते आणि तिथून आलेली वस्तूही तशीच स्वच्छ करून तोंडात बसवतात.

तुम्ही डॉक्टरांना काय सांगायला हवे?

काही सावधगिरी तुमच्याकडूनही लागते. पुढीलपैकी काही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा:

- हृदयाची कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग किंवा काही जन्मजात हृदयविकार. यात दात काढण्यासारख्या उपचाराआधी प्रतिजैविकाचा एक डोस लागू शकतो. तो डॉक्टर ठरवतील, घरच्या डब्यातली गोळी आपल्या मनाने घेऊ नका.
- मधुमेह, आणि साखर सध्या किती आहे.
- केमोथेरपी, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे.
- पंधरवड्याहून जास्त दिवसांचा खोकला, किंवा चालू असलेले टीबीचे उपचार.
- ओठावर उठलेले ताजे जर, ताप किंवा डोळे येणे. तातडीचे नसेल तर उपचार आठवडाभर पुढे ढकललेले बरे.

आणि एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस असेल तर? "सांगितले तर हाकलून देतील" या भीतीने लोक लपवतात, आणि ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे हा भेदभाव ठरतो, तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तुमची माहिती गुप्त ठेवावी लागते. शिवाय कोणाला कोणता आजार आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून प्रत्येक रुग्णासाठी सारखीच काळजी घ्यायची, हा दंतवैद्यकाचा मूळ नियम आहे. "एचआयव्हीवाल्यांसाठी वेगळी अवजारे ठेवतो" असे एखादा दवाखाना सांगत असेल, तर बाकीच्यांसाठी काय करतात, ही शंका तुम्हाला यायला हवी.

हिपॅटायटिस बीची लस मात्र तुमच्या हातात आहे. देशभरातल्या बालकांच्या लसीकरणात ती साधारण २०११ पर्यंत सगळीकडे आली, म्हणजे आजच्या बहुतेक मोठ्या माणसांना ती लहानपणी मिळालेली नाही. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. वरचेवर दातांचे उपचार, डायलिसिस किंवा रक्त घ्यावे लागणाऱ्यांनी तर ती टाळूच नये.

शिबिरात आणि रस्त्यावर

सोसायटीत, शाळेत, गणेशोत्सवात मोफत दंततपासणी होते. चांगली गोष्ट आहे. पण शंभर मुलांसाठी पाच आरसे आणि एका वाटीत डेटॉलचे पाणी, असे चित्र दिसले तर आयोजक म्हणून तुम्हीच थांबवा. टॉर्च आणि प्रत्येकाला वेगळी लाकडी पट्टी एवढ्यावरही प्राथमिक तपासणी होते. शिबिरात दात काढून घेऊ नका, जोवर तिथे ऑटोक्लेव्हची पूर्ण सोय नाही.

बाजाराच्या दिवशी पदपथावर दात बसवून देणाऱ्यांकडे गरिबीपायी जाणारे आजही आहेत. ओळखीत कोणी असेल तर त्यांना जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयाचा पत्ता द्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत, आणि तिथे खर्च अगदी कमी येतो. गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहे.

काही चुकले असे वाटले तर

तीन वेगळ्या परिस्थिती आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

उपचारानंतर सूज, ताप. दात काढल्यावर दोन-तीन दिवस थोडी सूज राहते. तिसऱ्या दिवसानंतर ती वाढू लागली, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच डॉक्टरांना लगेच दाखवा. गिळता येत नाही, जिभेखाली किंवा गळ्याला सूज आहे, श्वासाला त्रास होतो, असे असेल तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा.

वापरलेली सुई लागली किंवा दुसऱ्याचे रक्त शरीरात गेल्याची खात्रीशीर शंका आहे.

1. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका. तोंडात असेल तर साध्या पाण्याने चुळा भरा.
2. सरकारी रुग्णालयात तातडीने जा. एचआयव्ही रोखणारी औषधे शक्य तर दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती शक्यतो २४ तासांत घ्यावी.
3. एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी) आणि हिपॅटायटिस सी या तपासण्या लगेच करून घ्या, कारण आज तुमच्यात काही नव्हते हे त्यातून सिद्ध होते. पुन्हा कधी करायच्या ते डॉक्टर सांगतील. काविळीसाठी सहा महिन्यांपर्यंत लक्ष ठेवतात.
4. सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत आणि गुप्त असते. माहितीसाठी १०९७ हा नि:शुल्क क्रमांक आहे.

दवाखान्यात नियम धाब्यावर बसवलेले दिसले, पण तुम्हाला इजा नाही. आधी डॉक्टरांशी बोला. पुष्कळदा चूक सहायकाच्या पातळीवर असते आणि डॉक्टर ती दुरुस्त करतात. दाद लागली नाही तर लेखी तक्रार करता येते.

तक्रार कुठे करायची?

- डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल, निष्काळजीपणाबद्दल किंवा नोंदणी नसण्याबद्दल: राज्य दंत परिषद. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक प्रमाणपत्रावर किंवा चिठ्ठीवर असतो, तो लिहून घ्या.
- रक्ताळलेला कापूस, सुया कचऱ्याच्या डब्यात किंवा रस्त्यावर दिसल्या तर: महापालिकेचा आरोग्य विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतून छोटा दवाखानाही सुटत नाही. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, मोजे आणि प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या डब्यात जायला हवी.
- नुकसान झाले असेल तर: जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

यातल्या कुठल्याही ठिकाणी कागदाशिवाय काही हलत नाही. म्हणून पावती प्रत्येक वेळी मागून घ्या, अगदी ओळखीचे डॉक्टर असले तरी. एक्स-रे, औषधांची चिठ्ठी, उपचाराच्या तारखा आणि कोणत्या दाताला काय केले याची नोंद एका फाइलमध्ये ठेवा. काही गैर दिसले तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून काढा, आणि सोबत आलेल्या माणसाचे नावही त्यात घाला.